२०११ची पेट्रोल हॅचबॅक, कूलंट कमी होतंय : दुरुस्त करू की काढून टाकू?

पाथर्डी_फाटा

गाडी १.२ लिटर पेट्रोल, चार सिलिंडर, एमएच-१५ पासिंग, ऑक्टोबर २०११. किलोमीटर १,१८,०००. दोन महिन्यांपासून कूलंटची बाटली आठ-नऊ दिवसांत मॅक्सवरून मिनच्या खाली येते. मोजून बघितलं, साधारण ३०० मिली जातं. गाडीखाली डबकं नाही. सकाळी पुढच्या बंपरखाली डावीकडे बोटभर ओल असते, ऊन लागलं की तीही जाते. कमी झालं की घरच्या बोअरचं पाणी भरतोय.

रोजचं जाणं-येणं नाशिकमध्येच, पाथर्डी फाटा ते सातपूर. महिन्यातून दोनदा ठाणे, म्हणजे येताना कसारा घाट चढून. गेल्या रविवारी घाटात एसी चालू असताना तापमानाचा काटा अर्ध्यावरून पाऊणपर्यंत गेला. एसी बंद केला, पाच मिनिटांत खाली आला. लाल पट्टीत कधीच गेलेला नाही. ऑइल स्वच्छ दिसतं, सायलेन्सरमधून पांढरा धूर नाही.

एका मेकॅनिकने रेडिएटर बदलायला ६,५०० सांगितले. दुसरा म्हणतो हेड गॅस्केट (इंजिनाचा वरचा भाग म्हणजे हेड आणि खालचा ब्लॉक यांच्यामधलं सील) गेलंय, हेड उतरवावं लागेल, २८,०००. दोघांनीही बोनेट उघडून नुसतं बघितलं. जुन्या गाड्यांचा डीलर १,१०,००० द्यायला तयार आहे. येत्या ऑक्टोबरात १५ वर्षं पूर्ण होतात, रजिस्ट्रेशन नूतनीकरणाचा खर्च आहेच. खर्च करण्यात अर्थ आहे का?

सातपूर_टूलरूम

आत्ता कुठलाच निर्णय घेऊ नका. ६,५०० आणि २८,००० यांच्यातला फरक एका प्रेशर टेस्टने मिटतो. ती करायला अर्धा तास आणि काहीशे रुपये लागतात. ती न करता हेड उतरवायला सांगणाऱ्याकडे गाडी देऊ नका, आणि ती न करता रेडिएटर बदलणाऱ्याकडेही नको.

आधी घरी करायच्या गोष्टी. रात्री गाडी उभी करताना पुढच्या भागाखाली कार्टनचा पुठ्ठा पसरून ठेवा. सकाळी डाग नेमका कुठे पडलाय त्यावर पेनने खूण करा आणि त्याच्या सरळ वर काय येतं ते बघा. सिमेंटच्या फरशीवर थेंब वाळून जातो, पुठ्ठ्यावर डाग राहतो. मग इंजिन पूर्ण थंड असताना टॉर्च घेऊन या जागा बघा : वरचा आणि खालचा होज पाइप जिथे क्लिपखाली बसतो तिथे, थर्मोस्टॅटच्या (पाणी तापल्यावर उघडून ते रेडिएटरकडे सोडणारा व्हॉल्व्ह) हाउसिंगचा जोड, वॉटर पंपाच्या पोटाखालचं छोटं भोक, आणि रेडिएटरच्या दोन्ही बाजूंच्या प्लास्टिकच्या टाक्या. या टाक्यांवर ॲल्युमिनियमचे दात मुडपलेले असतात. आत रबरी सील असतं, ते १०-१२ वर्षांत कडक होतं. तिथून गळती असेल तर थेंब दिसतोच असं नाही. गरम असताना वाफ होऊन जाते आणि दातांच्या फटीत पांढरट किंवा हिरवट खरवड साचते. नखाने खरवडली की पावडर निघते. तुमची ओल डावीकडे आहे, तेव्हा डावी टाकी आधी बघा.

पंपाच्या भोकाबद्दल : ते गळतीसाठीच ठेवलेलं असतं. आतलं सील गेलं की पाणी बेअरिंगमध्ये न जाता तिथून बाहेर यावं म्हणून. ते भोक एम-सीलने बुजवलेल्या गाड्या असतात. तसं केलं की पाणी बेअरिंगमध्ये शिरतं, पंप जाम होतो आणि बेल्ट तुटतो.

आता प्रेशर टेस्ट. इंजिन थंड, रेडिएटर कॅप काढायची, तिच्या जागी टेस्टरचा अडॅप्टर बसवायचा आणि हातपंपाने हवा भरायची. किती भरायची ते कॅपवरच छापलेलं असतं, बहुधा ०.९ किंवा १.१ बार. त्याच्यावर जायचं नाही. 'जरा जास्त मारून बघू' म्हणून दीड बार मारला तर चांगला हीटर कोअर (हीटरची हवा गरम करणारा डॅशबोर्डमागचा छोटा रेडिएटर) फुटतो. १५ मिनिटं थांबायचं. टेस्टरचा काटा जागेवर राहिला पाहिजे. उतरला तर पाणी कुठून येतंय ते तेवढ्यात शोधायचं, थंड इंजिनावर वाफ होत नाही म्हणून थेंब सापडतो.

काटा उतरतोय पण बाहेर कुठेच ओल नाही, असं झालं तर दोनच जागा उरतात. एक हीटर कोअर : डाव्या सीटच्या पायाखालचं कार्पेट उचलून हात लावा, चिकट ओल आणि गोडसर वास येतो, पावसाळ्यात काच आतून तेलकट धुरकट होते. दुसरी जागा सिलिंडर. तेव्हा प्लग काढायचे. चारपैकी एक प्लग बाकीच्यांपेक्षा धुतल्यासारखा स्वच्छ असेल तर त्या सिलिंडरमध्ये पाणी जातंय.

कॅपही त्याच टेस्टरवर तपासायला सांगा. २००-३०० रुपयांच्या कॅपमुळे घाटात गाडी तापते हे लोकांना पटत नाही, म्हणून कारण सांगतो. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर आहे. इथे उघड्या भांड्यात पाणी ९८ अंशांनाच उकळतं. १.१ बारची कॅप दाब धरून ठेवते म्हणून तेच पाणी १२० अंशांपर्यंत उकळत नाही, आणि निम्मं कूलंट असेल तर १२५च्या पुढे. कॅप किंवा गळती दाब धरू देत नसेल तर तुमच्याकडे फक्त १०० अंशांपर्यंतची मोकळीक राहते. शहरात तेवढ्यात भागतं. घाटात एसी लावून चढताना हेडमध्ये एक्झॉस्टच्या बाजूला वाफेचे बुडबुडे धरतात, आणि वाफ धातूतली उष्णता पाण्यासारखी उचलत नाही.

तापमानाच्या काट्यावर विसंबू नका. बऱ्याच गाड्यांत साधारण ८० ते १०५ अंशांपर्यंत तो मध्यावरच उभा राहील असा बसवलेला असतो. तो पाऊणवर आला म्हणजे तापमान बरंच आधीपासून चढत होतं. याहून वाईट म्हणजे पाणी फार कमी झालं की सेन्सर हवेत उघडा पडतो आणि काटा उलट खाली येतो. घाटात हीटर लावल्यावर गरमऐवजी साधी हवा आली तर पाणी संपलंय असं समजा आणि लगेच बाजूला घ्या.

बोअरचं पाणी आजपासून बंद करा. आपल्याकडचं बोअरचं पाणी काळ्या पाषाणातून येतं, जड असतं. रेडिएटरच्या बारीक नळ्यांत आणि हेडमधल्या पाण्याच्या वाटांत त्याचा थर बसतो. निदान होईपर्यंत डिस्टिल्ड वॉटर भरा, बॅटरीवाल्याकडे मिळतं.

घाटमाथा

टेस्टबद्दल वर लिहिलंय ते बरोबर. मी फक्त काय करू नका एवढं सांगतो, कारण दोन महिने गळती आहे म्हटल्यावर कुणीतरी हे उपाय सुचवणारच.

रेडिएटरमध्ये हळद टाकणे. लीक बंद करणारी पावडर किंवा द्रव टाकणे. दोन्ही रस्त्यावर अडकल्यावर घरी पोचण्यापुरते आहेत. बारीक छिद्र असेल तर थांबतंही, पण तोच गाळ हीटर कोअरच्या आणि रेडिएटरच्या नळ्यांत बसतो. दाताच्या सीलमधून किंवा होजच्या टोकातून गळत असेल तर त्याचा काही उपयोग नाही. एकदा टाकलं असेल तर नव्या रेडिएटरआधी सिस्टिम धुवावीच लागते, नाहीतर नवा रेडिएटरही चोंदतो.

थर्मोस्टॅट काढून टाकणे. 'आपल्याकडे गरजच नाही' असं सांगून बरेच जण काढतात. थर्मोस्टॅट नसला की इंजिन वेळेवर ८५-९० अंशांना पोचत नाही, मिश्रणात पेट्रोलचं प्रमाण जास्त वेळ चढं राहतं, ॲव्हरेज घटतं, ऑइलमध्ये पेट्रोल उतरतं. काही इंजिनांत तर त्याच व्हॉल्व्हच्या मागच्या तबकडीने बायपास बंद होतो. ती नसली की अर्धं पाणी रेडिएटरला न जाता इंजिनातच फिरतं आणि घाटात गाडी जास्त तापते.

फॅन डायरेक्ट करणे. चावी फिरवली की फॅन चालू. त्यात खरा बिघाड झाकला जातो आणि फॅनची मोटर लवकर जाते. फॅन आपोआप लागत नसेल तर सेन्सर, रिले, फ्यूज असं क्रमाने तपासा. सोपी खूण : एसी चालू केला की फॅन लागतो, पण एसीशिवाय ट्रॅफिकमध्ये लागत नाही, म्हणजे मोटर चांगली आहे आणि दोष सेन्सरकडे किंवा वायरिंगमध्ये आहे.

घाटात काटा चढलाच तर एसी बंद, हीटर पूर्ण गरमवर, ब्लोअर फुल. जागा मिळाली की थांबायचं. लाल पट्टी गाठली असेल तर इंजिन बंदच. कॅपला अर्धा-पाऊण तास हात लावायचा नाही. वरचा होज दाबून बघा, कडक आणि गरम आहे तोवर आत दाब आहे. गरम इंजिनात एकदम गार पाणी ओतलं तर हेड तडकतं.

हेड_आणि_ब्लॉक

हेड उतरवायचं काम खरंच निघालं तर काय, ते लिहितो. २८,०००मध्ये काय-काय आहे हे विचारल्याशिवाय आकडा महाग की स्वस्त ते ठरत नाही.

पण आधी हेड गॅस्केट गेल्याचा पुरावा. प्रेशर टेस्टबरोबर निळ्या द्रवाची चाचणी करून घ्या. काचेची नळी रेडिएटरच्या तोंडावर ठेवतात, आत निळं द्रव असतं, इंजिन चालू ठेवून पाण्यावरची हवा त्या द्रवातून ओढतात. जळालेला वायू पाण्यात येत असेल तर पेट्रोल गाडीत निळा रंग पिवळा होतो. दोन मिनिटं ओढूनही निळाच राहिला तर गॅस्केटमधून वायू येत नाहीये. चाचणीआधी पाण्याची पातळी चार-पाच सेंटिमीटर खाली घ्यायची, नाहीतर कूलंटच नळीत ओढलं जातं आणि द्रव वाया जातं.

घरी दिसणारी खूण : थंड गाडी चालू केली आणि दोन मिनिटांत वरचा होज दगडासारखा कडक झाला. पाणी अजून तापलेलंच नाही, मग दाब कुठून आला? सिलिंडरमधून. ऑइलच्या झाकणाखाली मलईसारखा थर दिसला म्हणून मात्र घाबरू नका. छोट्या फेऱ्या असतील तर पावसाळ्यात आणि थंडीत तिथे नुसता दमट हवेचा थर जमतो. डिपस्टिक बघा. तिच्यावर चहासारखं ऑइल दिसलं तरच काळजी.

कॉम्प्रेशनही (पिस्टन वर आल्यावर सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब) मोजा. चारही प्लग काढून, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून, इंधन बंद ठेवून. निरोगी पेट्रोल इंजिनात साधारण १२ ते १४ बार येतं आणि चौघांत एका बारपेक्षा जास्त फरक नसावा. शेजारचे दोन सिलिंडर एकत्र कमी असतील तर त्यांच्यामधलं गॅस्केट जळालंय. चारही एकसारखे पण ९-१० बारवर असतील तर इंजिनच झिजलंय. तेव्हा नवीन गॅस्केटने पाणी थांबेल, ताकद परत येणार नाही. जुन्या गाडीचा निर्णय या आकड्यावर घ्या, वर्षांवर नको.

गॅस्केट का जातं तेही बघा. हेड ॲल्युमिनियमचं, अनेक इंजिनांत ब्लॉक बिडाचा. गरम झालं की ॲल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं. ठरलेल्या तापमानापर्यंत गॅस्केट ते सहन करतं. त्यापुढे बोल्टांमध्ये अडकलेलं हेड वाकतं आणि गार झाल्यावर पूर्ववत होत नाही. म्हणून १,००० रुपयांची गळती आणि वाकलेलं हेड यांच्यात कित्येकदा एका घाटाचंच अंतर असतं.

उतरवल्यावर हेडचा फेस साफ करायचा, पण मशीनच्या खरखरीत चकतीने नाही. त्याची पूड ऑइलच्या वाटांमध्ये जाते आणि बेअरिंग खाते. लाकडी किंवा प्लास्टिकची पट्टी आणि सॉल्व्हंट. मग स्ट्रेट एज (तंतोतंत सरळ पट्टी) उभी, आडवी, दोन्ही कर्णांवर ठेवून खाली फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्या) घालायचा. ०.०५ मिलिमीटरची पाती सहज गेली तर बहुतेक इंजिनांत फेसिंग (मशीनवर घासून सपाट करणं) लागतं. किती घासता येईल याची मर्यादा मॅन्युअलमध्ये असते. ती ओलांडली की कॉम्प्रेशन वाढतं आणि टायमिंगही हलतं. फेसिंगआधी हेडची प्रेशर टेस्ट करून घ्या : पाण्याच्या वाटा पट्ट्यांनी बंद करून आत हवा भरतात आणि हेड गरम पाण्यात बुडवतात, चीर असेल तिथून बुडबुडे येतात. चीर निघाली तर फेसिंगचे पैसे फुकट जातात, म्हणून क्रम हाच.

बसवताना दोन चुका सर्रास होतात. ब्लॉकमधल्या बोल्टच्या भोकांत पाणी किंवा ऑइल राहतं. बोल्ट घट्ट करताना ते दाबलं जातं, टॉर्क रेंच (ठरलेला जोर लागला की क्लिक होणारा पाना) वेळेआधीच क्लिक होतो, हेड मात्र सैल राहतं. भोकं हवेने पूर्ण कोरडी करायला लावा. दुसरं, कोनात फिरवून कसायचे बोल्ट पुन्हा वापरतात. ते एकदा ताणले की संपले, नवा सेट घ्या. मधून बाहेर, क्रमाने, टप्प्याटप्प्याने. वॉल्व्ह सील त्याच वेळी बदला, मजुरी वेगळी लागत नाही. ऑइल-फिल्टर नवं, आणि हजार किलोमीटरने पुन्हा एकदा.

२८,०००मध्ये गॅस्केट सेट, बोल्ट, फेसिंग, हेड प्रेशर टेस्ट, वॉल्व्ह सील, कूलंट, ऑइल एवढं लेखी असेल तर आकडा वाजवी आहे. नुसतं 'हेड पॅकिंग काम' लिहिलं असेल तर नाही.

पेठरोड_१५

पैशांचा आणि आरटीओचा भाग सांगतो. खासगी गाडीचं रजिस्ट्रेशन १५ वर्षांचं, मग दर वेळी पाच वर्षांचं नूतनीकरण. फॉर्म २५, मुदत संपण्याआधी ६० दिवसांच्या आत अर्ज करता येतो, म्हणजे तुम्ही ऑगस्टपासून. १ एप्रिल २०२२पासून कारची नूतनीकरण फी ५,००० रुपये आहे. त्यावर पर्यावरण कर, चालू पीयूसी, विमा, आणि गाडी एप्रिल २०१९च्या आधीची असल्यामुळे नवी उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसवलेली हवी. गाडी तपासणीला प्रत्यक्ष न्यावी लागते. उशीर झाला तर महिन्यागणिक दंड चढतो, तेव्हा गळतीचं काम जुलैपर्यंत उरकून घ्या.

दुरुस्तीच्या खर्चाची तुलना गाडीच्या १,१०,००० किमतीशी करू नका. ही गाडी पुढच्या दोन वर्षांत एकूण किती मागेल, आणि तिच्या जागी येणारी किती मागेल, ही तुलना करा. क्लच कुठे पकडतो, टायर कोणत्या वर्षाचे आहेत, सस्पेन्शनचे बुश, बॅटरी, एसीचा कॉम्प्रेसर, आणि जॅकवर उचलून खालचा पत्रा. नाशिकची हवा कोकणासारखी पत्रा खात नाही, त्यामुळे आपल्याकडच्या गाड्यांना तो फायदा असतो. हे सगळं बरं असेल आणि कॉम्प्रेशन सारखं असेल तर १०,०००पर्यंतचं कूलिंगचं काम डोळे मिटून करा. तीन-साडेतीन लाखांची दुसरी जुनी गाडी घेतली तरी तिलाही टायर, बॅटरी, क्लच लागतोच, आणि तिचं हेड कधी तापलं होतं का हे तुम्हाला कोणी सांगणार नाही.

हेडचं काम निघालं, शिवाय हजार किलोमीटरला लिटरभर ऑइल जळतंय आणि कॉम्प्रेशनही उतरलंय, तर मात्र थांबा. तेव्हा १,१०,००० चांगले. डीलरचा हिशोब असा असतो : गळती दिसली की तो हेड गेलंय असंच धरून भाव पाडतो. रेडिएटर बदलल्याचं बिल हातात असेल तर तोच भाव चढतो. विकायची असली तरी आधी निदान.

पाथर्डी_फाटा

सगळ्यांचे आभार. टेस्ट झाल्या, आकडे देतो.

कॅपवर १.१ लिहिलंय. १.१ बार भरलं, १५ मिनिटांत ०.८वर आलं. थेंब रेडिएटरच्या डाव्या प्लास्टिक टाकीच्या खालच्या दातांतून येतोय, तिथे हिरवी खरवडही आहे. कॅप वेगळी तपासली, ०.६लाच उघडते. निळं द्रव दोन वेळा केलं, निळंच राहिलं. कॉम्प्रेशन १२.६, १२.४, १२.५, १२.३. पंपाचं भोक कोरडं. ऑइल हजार किलोमीटरला अजिबात कमी होत नाही.

आता रेडिएटर दुरुस्त करणारा म्हणतो दात परत दाबून नवं सील टाकतो, १,५००. नवा रेडिएटर ४,८००, वर मजुरी. कोणतं करू? सोबत काय बदलू? आणि कूलंट किती, कसं भरायचं? मेकॅनिकला नीट सांगता यावं म्हणून विचारतोय.

सातपूर_टूलरूम

हेड वाचलंय. नवा रेडिएटर घ्या. तांब्याचे जुने रेडिएटर झाळून वर्षानुवर्षं चालायचे, त्यावरून ॲल्युमिनियम-प्लास्टिकला तोच न्याय लावू नका. दात एकदा उघडून परत मुडपले की त्यांची पकड कमी होते, आणि १५ वर्षं उष्णता खाल्लेलं प्लास्टिक ठिसूळ असतं. डावीकडचं सील नवं केलं तरी उजवीकडचं तेवढंच जुनं. वर बोअरच्या पाण्याचा थर नळ्यांत आहेच. आत्ता १,५०० घालून सहा महिन्यांत परत ४,८०० द्यायचे, आणि मधे कसारा घाट दहा-बारा वेळा.

सोबत वरचा-खालचा होज, नव्या क्लिपा, नवी १.१ बारची कॅप आणि थर्मोस्टॅट. होज दाबून बघा, क्लिपजवळ फुगीर किंवा आतून मऊ लागला तर तो जाणारच होता. कॅप मूळ दाबाचीच घ्या. जास्त दाबाची घालून फायदा नाही, पुढचा कमकुवत जोड फुटेल. वॉटर पंप कोरडा आहे, आवाज नाही, हाताने पुली हलत नाही, तर तो राहू द्या. पंप टायमिंग बेल्टवर चालणारा असेल आणि बेल्टची मुदत आलेली असेल तर मात्र दोन्ही एकत्र.

आता पाणी. जुना रेडिएटर काढण्याआधी सिस्टिम साध्या स्वच्छ पाण्याने धुवा, हीटर गरमवर ठेवून, बाहेर येणारं पाणी नितळ होईपर्यंत. शेवटची दोन भरणं डिस्टिल्ड वॉटरची. आता लक्ष द्या : समजा तुमच्या सिस्टिमची क्षमता ५ लिटर आहे, नेमकी मॅन्युअलमध्ये बघा. रेडिएटर आणि होज रिकामे केले तरी ब्लॉकमध्ये आणि हीटरमध्ये दीड लिटरच्या आसपास पाणी राहतं. म्हणून ५०-५० करून आणलेलं मिश्रण वर ओतलं तर आत प्रत्यक्षात ३५ टक्केच होतं. त्याऐवजी बाटली कॉन्सन्ट्रेटची (पाणी न मिसळलेल्या कूलंटची) घ्या, आधी अडीच लिटर कॉन्सन्ट्रेट भरा, उरलेली जागा डिस्टिल्ड वॉटरने. लेबल नीट वाचा. दुकानात तयार मिश्रणाच्या बाटल्याही तशाच दिसतात, त्यात पाणी घातलं तर नुसतं रंगीत पाणी उरतं. आपल्याकडे गोठायची भीती नाही, पण कूलंटमधली गंजरोधक द्रव्यं हवीत.

रंगावरून कूलंट निवडू नका. हिरवा, लाल, निळा हा रंग कंपनीने घातलेला असतो, त्यावरून प्रकार कळत नाही. मॅन्युअलमध्ये लिहिलेला प्रकार घ्या आणि दोन प्रकार मिसळू नका, गंजरोधकं एकमेकांना मारतात आणि कधी जेलीसारखा गाळ होतो. जुनं कूलंट गटारात सोडू देऊ नका. चवीला गोड असतं आणि विषारी, गल्लीतली कुत्री-मांजरं चाटतात.

भरताना गाडीचं नाक चढावर. हीटर पूर्ण गरमवर, ब्लोअर सगळ्यात कमी. हवा काढायचा स्क्रू असेल तर उघडा, अखंड धार येऊ लागली की बंद. सावकाश भरा, मधूनमधून वरचा होज हाताने दाबा, बुडबुडे निघतात. कॅप न लावता इंजिन चालू करा, पातळी उतरेल तसं भरत जा. दहा-पंधरा मिनिटांत थर्मोस्टॅट उघडतो, खालचा होज गरम होतो, पातळी एकदम खाली जाते. तेवढं भरून कॅप लावा. फॅन दोनदा लागून बंद होईपर्यंत चालू ठेवा, मग पूर्ण थंड होऊ द्या. हीटरमधून गरम हवा यायलाच हवी. साधी हवा आली तर आत हवा अडकलीय (एअर लॉक), परत सगळं करा. ही पायरी घाईत सोडली की नव्या रेडिएटरसकट गाडी तापते आणि मग तोच मेकॅनिक हेडकडे बोट दाखवतो.

पाथर्डी_फाटा

नवा रेडिएटरच टाकतो. थर्मोस्टॅट दुकानात दोन मिळतायत, ८२ आणि ८८ अंशांचे. मेकॅनिक म्हणतो घाट चढायचा तर ८२चा घाला. घालू का?

घाटमाथा

मूळ जो आहे तोच. जुन्याच्या तबकडीवर आकडा कोरलेला असतो, काढल्यावर बघा. तो आकडा व्हॉल्व्ह उघडायला कधी सुरुवात होते तो आहे. घाटात दोन्ही आधीच पूर्ण उघडलेले असतात, तेव्हा पाणी तेवढंच फिरतं आणि थंडावा रेडिएटर आणि फॅनवर अवलंबून राहतो. ८२ने घाटात काही वाचणार नाही, उलट रोजच्या सातपूर फेरीत इंजिन थोडं गार चालेल. बसवण्याआधी नवा व्हॉल्व्ह पातेल्यात पाणी आणि थर्मामीटर घेऊन तपासता येतो, दोऱ्याला टांगा म्हणजे तळाला टेकणार नाही. त्याच्या काठावर एक बारीक भोक किंवा हलणारी पिन असते, ती वरच्या बाजूला ठेवा, हवा तिथून सुटते.

काम झाल्यावर पहिले चार-पाच दिवस सकाळी थंड असताना बाटलीवर स्केचपेनने खूण करून बघा. पहिल्या दोन दिवसांत पातळी थोडी उतरते, ती उरलेली हवा निघाल्यामुळे, तेवढी भरा. त्यानंतर हलता कामा नये. गरम असताना पातळी वर आणि थंड झाल्यावर खाली हे नेहमीचंच. ५०० किलोमीटरनंतर क्लिपा एकदा कसून घ्या, नवं रबर बसतं. ठाण्याची फेरी खूण दोन आठवडे जागेवर राहिली तरच करा, आणि डिकीत एक लिटर तयार मिश्रण असू द्या.